ओकाडेसाहेबांची ओली पेटी

अंबापेठ, अमरावती
श्रावण, शनिवार

प्रिय सत्या,

तुझ्या मामाचे पत्र येऊन महिना होत आला आणि मी त्याला हो कळवले नाही की नाही कळवले नाही, म्हणून तू रागावली असशील. रागाव. मूळ बाळापूरच्या, अकोल्याला तुझ्याबरोबर शिकवणाऱ्या हरिहर मास्तरांनी तुला मागणी घातली, हुंडा नको म्हणाले, मानपान नको म्हणाले, आणि मुलीच्या तोंडावर देवीचे वण आहेत ते मी रोज पाहतो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, असे वर तुझ्या मामाला, केशवरावांना, सांगून गेले. एवढे ऐकल्यावर दुसऱ्या कोणत्याही बापाने देवापुढे साखर ठेवली असती. पण तुझा बाप वकील पडला. इतका सरळ पक्षकार मी कोर्टाच्या आवारात आजवर पाहिलेला नाही, आणि ज्यांना तसे समजलो त्यांनी पुढे माझ्या तोंडाला पाने पुसली.

त्यातून मास्तरांनी मला स्वतः चार ओळी लिहिल्या. लहानपणी कान फुटला, तेव्हापासून डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही, हे आधीच कळवलेले बरे, असे त्यात होते. ती ओळ वाचली आणि मी चष्मा काढून ठेवला. साक्षीदार न विचारता एक खोट कबूल करतो तेव्हा दुसरी, मोठी, तो मांडीखाली दाबून बसलेला असतो, हे मी माझ्या हाताखालच्या नव्या वकिलांना नेहमी सांगतो. तुझ्या आत्याला मी हे बोलून दाखवले. गोदावरी पोळी लाटता लाटता म्हणाली, "बहिरा त बहिरा, मोरू. घरात एक जन कमी ऐकनारा असला म्हन्जे संसार बरा चालते." तिच्याकडून यापेक्षा कायदेशीर सल्ला मला कधी मिळालेला नाही.

मग मी चौकशीला लागलो. बाळापूरला गेलो आणि शेत विकत घ्यायचे आहे असे सांगून गावभर हिंडलो. न्हाव्याकडे दाढी करून घेतली, देवीच्या पुजाऱ्याशी बोललो, टपालवाल्याजवळ बसलो, मास्तरांच्या शेजाऱ्याकडे पाणी मागितले. जो तो म्हणतो, पोरगा सोन्यासारखा आहे. न्हाव्यानेसुद्धा वाईट बोलू नये? सबंध गाव एका माणसाविषयी एकच सांगू लागले म्हणजे गावाला पढवून ठेवले आहे असे समजावे. मी गेलो होतो त्यापेक्षा अधिक साशंक होऊन परत आलो.

इकडे फाल्गुनापासून ओकाडेसाहेबांचे एक प्रकरण चालू होते, ते तेवढ्यात टोकाला आले. ते तुला सविस्तर सांगणार आहे. म्हाताऱ्याची बडबड म्हणून सोडून देऊ नकोस, त्याचा तुझ्याशी संबंध आहे.

हे ओकाडे म्हणजे जपानी गृहस्थ. खरे नाव ओकादा, पण सरकी काढायच्या जिनातल्या गुमास्त्यांनी त्यांना दर्यापूरकडचे देशस्थ करून टाकले आहे. ते इथे कापूस खरेदी करतात. चिमूटभर कापूस बोटांत ओढतात आणि धागा किती लांब ते डोळे मिटून सांगतात. यंदा एका व्यापाऱ्याने गाठींना पाणी मारून वजन वाढवले, असा त्यांचा दावा आहे, आणि त्यांचे वकीलपत्र माझ्याकडे आहे. वकीलपत्र घेतले त्या दिवशी त्यांनी मला दोन्ही हातांनी एक वाडगा भेट दिला. चहा पिण्याचा, राखेच्या रंगाचा, आणि एका बाजूला चेपलेला. मी वरवर आभार मानले. मनात म्हटले, हजारो गाठी उचलणारा माणूस, आणि वकिलाला देतो काय, तर कुंभाराने टाकून दिलेला माल. याच्या नजरेत आपली किंमत तेवढीच दिसते.

गोदावरीला तर त्या वाडग्याचा विटाळच. कोण जाणे कोणी काय खाल्ले असेल त्यातून, म्हणून तिने त्याला हात लावला नाही. सांडशीत धरून हौदावर नेला. सांडशी पातेल्यासाठी असते, तिला वाडग्याची काय पर्वा. घसरला आणि तीन तुकडे झाले. गोदावरी तुकडे उकिरड्यावर टाकायला निघाली होती, फुटके भांडे घरात ठेवू नये म्हणून. पण तेवढ्यात साहेब आले आणि त्यांची नजर वाडगा ठेवला होता त्या रिकाम्या कोनाड्याकडे गेली, तेव्हा मला सांगावे लागले की मांजराने पाडला. आपल्या घरी मांजर नाही. साहेबांनी ते विचारले नाही. त्यांनी तुकडे मागितले, एकेक करून रुमालात बांधले आणि हौदापाशी पडलेली कपचीसुद्धा शोधून नेली. फुटक्या मातीची कोणाला एवढी गरज असावी? मी ते लक्षात ठेवले.

ही फाल्गुनातली गोष्ट. वैशाखात खुशालराव मुकादम माझ्याकडे आला. हा साहेबांच्या गोदामावर असतो, भला माणूस आहे, पण पोटात काही राहत नाही. इकडेतिकडे पाहून म्हणाला, "वकीलसाहेब, सायबाच्या खोलीत एक पेटी हाये. रोज तिच्यात ओलं गोनपाट घालून राहिले अन् कुलूप लावून राहिले. कोनाले हात लावू देत नाई. मले त काई समजून नाई राहिलं." ओल्या कापसाचा दावा लावणारा माणूस घरात कुलूपबंद पेटीत रोज पाणी शिंपडतो आहे. म्हणजे काय, हे सांगायला वकील कशाला हवा? हा कोरडा कापूस भिजवून नमुने तयार करतो आहे आणि माझ्या हाताने ते कोर्टापुढे ठेवणार आहे. इतक्या वर्षांत मिळवलेले नाव एका ओल्या पेटीत जाणार, अशी माझी खात्रीच झाली.

ऐन दुपारी छत्री घेऊन त्यांच्या बंगल्यावर गेलो. वाळ्याचे पडदे सोडलेले, आत अंधार. मी फिरवाफिरव न करता पेटी उघडा म्हणालो. साहेबांनी माझ्याकडे जरा पाहिले, गळ्यातली किल्ली काढली आणि उघडली. आत ओले गोणपाट, त्यावर एक फळी, आणि फळीवर आपला वाडगा. तिन्ही तुकडे जागेवर बसलेले, आणि सांध्यांतून एका काळ्या चिकाची रेघ.

त्यांच्या हिंदीत त्यांनी मला समजावले. त्यांच्याकडे एका झाडाचा चीक असतो, त्याने तुकडे जोडतात. पण त्या चिकाची तऱ्हा अशी की तो उन्हात वाळत नाही, ओलाव्यात वाळतो. आपल्या वऱ्हाडच्या वैशाखात तो महिनोन् महिने चिकटच राहिला असता. "इधर बारिश नहीं, तो हम पेटी में बारिश बनाया," असे म्हणाले आणि हसले. थर द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा थर द्यायचा. कापसाचा हंगाम संपला होता, गुमास्ते आपापल्या गावी गेले होते, आणि हा माणूस दाव्याच्या तारखेची वाट पाहत, माझ्या बहिणीने सांडशीने फोडलेल्या वाडग्याला रोज पाऊस पाडत बसला होता.

तरी माझे समाधान होईना. आषाढात ते वाडगा घेऊन घरी आले तेव्हा त्या काळ्या रेघांवर त्यांनी सोन्याची पूड बसवली होती. खरे सोने. मी विचारले, एवढी खटपट केलीत, मग सांधा दिसणार नाही असा का नाही केलात? राखेचा रंग द्यायचा, कोणाला पत्ता लागला नसता. मला वाटले, इथे पकडला. ते म्हणाले, "छुपायेगा तो आदमी देखता रहेगा, किधर टूटा, किधर टूटा. बर्तन नहीं देखेगा. दिखायेगा, तो फिर बर्तन देखेगा." मग त्यांनी माझा अंगठा धरून वाडग्याच्या चेपलेल्या बाजूवर ठेवला. तो तिथे असा बसला की जणू मापच घेतले होते. कुंभाराने वाडगा ओला असताना असाच धरला असेल, म्हणाले, त्याची पकड राहिली आहे, ती कशाला पुसायची? त्यांच्या देशात जाणती माणसे असाच वाडगा पाहुण्याला देतात, आणि सांधलेला असला तर सांधा पाहुण्याकडे करून.

ते गेल्यावर मी सोने सराफाला दाखवून यावे म्हणून टोपी घातली. गोदावरीने वाडगा दिला नाही. "तुले कोनाचं खरं वाटते रे?" एवढेच म्हणाली आणि तो पदराखाली घेऊन आत गेली. हाताने उचलून, सांडशीने नव्हे.

त्या प्रश्नाने मला दोन दिवस नीट जेवू दिले नाही. ओकाडेसाहेब गेले खड्ड्यात, मला आपली माजघरातली खिडकी आठवत राहिली. तुला पाहायला मंडळी यायची तेव्हा गोदावरी त्या खिडकीखाली पाट मांडायची, उजेड तुझ्या पाठीवर पडेल असा, आणि मी पाहुण्यांना समोर बसवायचो. तोंड नीट दिसू नये ही आमची युक्ती. पाहुणे कसे बसायचे ते तुला मान खाली घातल्यामुळे दिसले नसेल, मला दिसायचे. पोहे हातात, मान वाकडी, डोळे बारीक. तुला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणी ऐकत नसे. जो तो शोधत असे. अंजनगावची मंडळी गेली आणि पत्रिका जमत नाही असा त्यांचा निरोप आला, त्या दिवशी तू म्हणालीस, नाना, आता मला त्या पाटावर बसवू नका. पुढच्या महिन्यात तू अकोल्याच्या शाळेत नोकरी धरलीस आणि मामाकडे राहायला गेलीस. मला वाटले होते, पोर लोकांवर रुसली.

तुझी आई असती तर ही गोष्ट तिला कोणा जपान्याकडून ऐकावी लागली नसती, हे मला कळते.

पण म्हणून माझा संशय गेला असे समजू नकोस. बाळापूरने काही सांगितले नाही, तर खुद्द मास्तरांना त्यांच्या नकळत पाहावे, असे मी ठरवले. गेल्या सोमवारी तारीख आहे असे गोदावरीला सांगून बडनेऱ्याहून गाडी धरली आणि अकोल्याला उतरलो. मामाकडे आलो नाही, तुझ्या शाळेतही आलो नाही. मोर्णा नदीच्या पुलाजवळ एका टांग्याच्या आडोशाला उभा राहिलो. तिथून मास्तर घरी जातात, एवढी माहिती माझ्याजवळ होती. टांगेवाल्याला माझा संशय आला. त्याने दोनदा विचारले, "बापूसायेब, कोनाची वाट पाहून राहिले?" मी त्याच्याकडे लक्ष दिले नाही.

शाळा सुटल्यावर आधी तुझ्या मुली आल्या, त्यांच्या मागे तू आणि हरिहर मास्तर. मास्तर सायकल हातात धरून चालले होते आणि तू त्यांच्या डाव्या बाजूला होतीस. तू काहीतरी बोललीस. त्यांनी वळून पाहिले नाही. तू थांबली नाहीस की आवाज चढवला नाहीस. बोलता बोलताच सायकलच्या मागून उजवीकडे गेलीस आणि तेच वाक्य पुढे नेलेस. उन्हे समोरून येत होती, सगळी तुझ्या तोंडावर. पदर पाठीवर होता. तू हसत होतीस, आणि मास्तर तुझ्याकडे पाहत होते, काही न शोधता. तुला इतक्या उजेडात हसताना मी बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते. टांग्याचे चाक धरून उभा राहिलो.

आता वकील म्हणून सांगतो. असे उजवीकडे जाणे कालपरवा शिकलेल्या माणसाचे नसते. ती सवय असते. म्हणजे त्या कानाची बातमी मास्तरांनी मला कळवण्याच्या पुष्कळ आधीपासून तुला आहे. म्हणजे मामाकडे मागणी गेली ती तुला विचारून, आणि तू हो म्हटल्यावर. तुम्ही दोघांनी, बहुधा मामानेही, हे माझ्यापासून दडवले. पहिल्या दिवसापासून मला जो वास येत होता तो खराच होता. एवढ्या चौकशीत, एवढ्या हिंडण्यात, माझा हा एकच संशय खरा ठरला, आणि त्याचा मला इतका आनंद झाला की परतीची गाडी चुकली.

म्हणून हे पत्र मामाला न लिहिता तुला लिहितो आहे. माझे हो आहे. पण ते तुझ्या हातून केशवरावांकडे जावे, कारण हो म्हणण्याचा पहिला मान तुझा होता आणि तो तू घेतलासही. पोळ्याला घरी ये आणि मास्तरांना बोलाव. गोदावरीने वाडगा कोनाड्यातून काढून घासून ठेवला आहे. मास्तरांना चहा त्यातूनच देणार म्हणते, सोन्याची रेघ त्यांच्याकडे करून. पाट मी मांडीन. तू खिडकीकडे तोंड करून बस. मी मास्तरांच्या उजव्या हाताला बसतो. मला त्यांना अजून बरेच प्रश्न विचारायचे आहेत.

तुझाच,
नाना