मांडी मावेल एवढी बैठक

माय, गाडी झाली. गोठ्यात बसून मी स्वतःच्या हातानं जोडली. तुला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मला निवृत्त होऊन तीन. आयटीआयमध्ये पोरांना वेल्डिंग शिकवण्यात जन्म गेला, आता रिकाम्या हातांनी करायचं काय? म्हणून गाडीच्या सुट्या भागांचं किट मागवलं. चौकोनी नळ्या, फायबरचे पत्रे आणि नकाशांची जाड वही असं सगळं ट्रान्सपोर्टनं आलं. इंजिन भंगारातल्या एका व्हॅनचं घेतलं. तुझी सून म्हणाली, "लोकं या वयात तीर्थाले जातात, तुम्ही खेळणं आणलं." खेळणंच म्हण. घरी बनवलेल्या गाडीचं पासिंग होत नाही, ती सडकेवर काढता येत नाही. धाड गावच्या आपल्या वावरातला गाडरस्ता तेवढा तिचा.

ही खोड माझ्यात तुझ्याकडून आली. स्टोव्ह बिघडला की तू तो बाहेर कुणाकडे दिला नाहीस. स्वयंपाकघरात जुना पेपर अंथरायचीस, ज्या क्रमानं भाग निघाले त्याच क्रमानं मांडायचीस, आणि मी जवळ सरकलो की दटावायचीस, "माही रांग मोडू नको, नाही तं तुले संध्याकाळी चहा भेटणार नाही." फाटक्या चपलेच्या चामड्याचा वायसर कापून पंपात बसवलास की स्टोव्ह निमूटपणे पेटायचा. मी किटचे भाग तसेच पेपरवर मांडले. आयटीआयच्या पोरांनाही ही रीत शिकवली, फक्त ती माझी म्हणून सांगितली.

सगळं नकाशाप्रमाणे जुळत गेलं. अडलो तो बैठकीपाशी. किटमधली बैठक कडेनं उंच उठलेली, एका माणसाला घट्ट धरून ठेवणारी. पाय खाली सोडूनच बसायचं. ती हातात घेतली आणि मला तो दिवस आठवला. मला नोकरी लागून महिना झाला होता. तुला डोळे दाखवायला बुलढाण्याला न्यायचं होतं, आणि आमचे प्राचार्य धाडवरून तिकडेच निघालेले. त्यांनी गाडीत घेतलं. पुढं ते आणि ड्रायव्हर, मागं आपण दोघं. तू चपला काढल्यास, पाय वर घेतलेस आणि घरी बसावी तशी छान मांडी घालून बसलीस. मी तुझ्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, "पाय खाली सोड. लोकं पाहून राह्यले." तू पाय सोडलेस, पण ते खाली टेकेनात. बुलढाण्यापर्यंत समोरची सीट धरून तशीच लोंबकळत बसलीस. उतरल्यावर दार धरून थोडी उभी राहिलीस आणि हसलीस, "मुंग्या आल्या बाप्पा पायाले." मला त्या हसण्याचा आजही त्रास होतो.

तर मी माझ्या शेजारची ती बैठक कापली. रुंद करायची म्हणजे किती, ते नकाशात कुठून असणार? मावशी अंगानं थेट तुझ्यासारखी, म्हणून तिला ओसरीत मांडी घालून बसवली आणि गुडघ्यांभोवती खडूनं रेघ ओढली. "काऊन रे बाप्पा, मले रांगोळीत बसवून राह्यला का?" म्हणाली. पाच बोटं जागा कमी पडत होती. मधला हँडब्रेक काढून माझ्या उजव्या हाताला नेला, माझी बाजू आखडली, सांगाड्याच्या दोन नळ्या नव्यानं जोडल्या. दोन महिने गेले. तुझ्या सुनेनं विचारलं तेव्हा सांगितलं, मावशीचे गुडघे दुखतात म्हणून.

परवा रविवारी गाडी पहिल्यांदा वावरात काढली. सुनेनं हळदकुंकू लावलं, मी मावशीला शेजारी बसवलं. ती बसली ती पाय खाली सोडून, सीटच्या कडेवर, चोरासारखी. मी म्हणालो, "मावशे, मांडी घाल ना. तुह्यासाठीच जागा केली."

"नाही रे बाप्पा. तुही माय मले सांगून गेली. पोराच्या गाडीत बसशीन तं पाय खाली सोडून बसजो, चारचौघात त्याले लाज वाटते."

"कव्हा सांगतलं?"

"दवाखान्यात होती तव्हा."

"तव्हा माह्यापाशी गाडी कुठं होती?"

"म्हणे, घेईन पोरगा एक दिवस."

मी गाडी सुरू केली. विहिरीपर्यंत गेलो आणि परत आलो, मावशीचे पाय सगळा रस्ता लोंबत होते. तू चिडली असतीस तर मी सोसलं असतं, माय. तू तर शेवटच्या दुखण्यातही माझी लाज राखत राहिलीस.

हे पत्र घडी करून नकाशांच्या वहीत ठेवतो, सुनेला दाखवणार नाही. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली. त्या दिवशी प्राचार्य पेपर वाचत होते, ड्रायव्हरचं लक्ष सडकेवर होतं. तुझ्याकडे कुणीच पाहत नव्हतं, माय. मी एकटाच पाहत होतो.