उघड्या कार्डावरची शरपुंखा

आवडी (चेन्नई), १४ जुलै २००३

ती. दादास क्षमाचे शि. सा. न. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून लिहिला. खरं तर मी तुझ्यावर भयंकर संतापले आहे. फोनवर भांडले असते, पण फोन सासूबाईंच्या खुर्चीला लागून आहे.

इकडे जिला कोळिंजी म्हणतात ती आपली शरपुंखाच ना, एवढंच पाकिटात पानं घालून तुला विचारलं होतं. मामंजींच्या पोटासाठी वैद्यांनी तिच्या मुळाचा काढा सांगितला आणि क्वार्टर्समागच्या माळावरून मी ती उपटून आणते. पान ओढलं की बाणाच्या पिसासारखं खाचेत तुटतं, म्हणून शरपुंखा, हे तूच मला परकरात असताना शिकवलंस. इथे तसंच तुटलं. तरी खात्री हवी होती.

आणि तू उत्तर धाडलंस उघड्या कार्डावर! 'ही शरपुंखा नव्हे, नीळ. म्हाताऱ्याला पाजू नकोस.' सासूबाई तंजावरच्या मराठी घरातल्या, देवनागरी अक्षर अक्षर लावून वाचतात. पण 'म्हाताऱ्याला' बरोब्बर लागलं! सुनेने सासऱ्याला नीळ पाजली, हे आता तिन्ही मजल्यांवर तमिळमध्ये झालं आहे. पान तोडून दाखवायला गेले तर कोणी माझ्या हाताकडे बघेना. अकरा वर्षं सकाळची पहिली कॉफी मामंजी माझ्या हातून घेत, आता घेत नाहीत. हे पेपरात तोंड घालून बसतात.

उत्तर पाकिटातून धाड. लोभ उरला असेल तर आहे.

क्षमा

---

वाई, २१ जुलै २००३

चि. सौ. क्षमास अनेक आशीर्वाद.

तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माणसाला विचारायचं आणि उत्तर आलं की फणकारायचं! पान मी तीनदा ओढलं, सरळ तुटलं. जीव टांगणीला लागला, हाताशी कार्ड होतं, ते टाकलं. शिवाय 'म्हातारा' प्रेमाने लिहिलं. मी कोण तरुण लागून गेलो?

तुझी वहिनी म्हणाली की, पाच दिवस पोस्टात वाळलेलं पान पापडासारखं कसंही मोडणार. मी तिला गप्प बसवलं. रात्रभर झोप नाही, कारण तिचं बरोबर आहे. चूक माझी. मामंजींना हे पत्र दाखव.

रागाव, पण लोभ आटू देऊ नकोस.

कृष्णकांत

---

आवडी, २९ जुलै २००३

ती. दादास सा. न.

कार्ड मुद्दाम उघडं आहे. वहिनीने मोठ्याने वाचावं.

तुझं पत्र ऐकून मामंजी वेष्टी सावरत माळावर गेले. डहाळी आणून सासूबाईंसमोर त्यांनी सात पानं ओढली. सातही खाचेत तुटली. तेव्हा सासूबाई म्हणाल्या की कोळिंजी तर त्या लहानपणापासून ओळखतात, तिच्या काडीने दात घासत. मग इतके दिवस बोलल्या का नाहीत, असं मी विचारलं. तर म्हणाल्या की शिकलेल्या माणसाचं कार्ड आलं होतं.

दादा, मला तुझ्यापेक्षा ह्याचाच जास्त राग आला.

आज सकाळी मामंजींनी माझ्याकडे कॉफी मागितली. मी दिली. साखर घातली नाही. त्यांनी ती पूर्ण संपवली.

तुझा लोभ यापुढे पाकिटात बंद करून पाठव.

क्षमा