अर्धी टाकी

येरवडा, पुणे
८ जानेवारी २०२६

तीर्थरूप संभाजीमामांस,
इंद्रजीतचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि माझं ओरडणं सगळ्या गल्लीला ऐकू जातं, म्हणून पत्र. आईने तुम्हाला काय लिहिलं असेल ते ठाऊक आहे. हो, इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. हो, परत जाणार नाही. तो विषय इथेच संपवू.

मी आता काम करतो त्या हमीदचाचांच्या गॅरेजच्या शेडमध्ये एक गाडी आलीय, बघून तुमचे डोळे भरतील. सैन्याने लिलावात काढलेला ट्रक, तुम्ही बावीस वर्षं चालवलात त्याच जातीचा. दारावरचा नंबर खरवडलाय, तरी बोट फिरवलं की लागतो. आम्ही त्याची आगीची गाडी करतोय. मागे पाण्याची मोठी टाकी, पंप, पाइप आणि वरून लाल रंग. गिऱ्हाईक वाघोलीचे बजरंगराव. त्यांच्या खाणीकडच्या जमिनीवर सगळी गोडाऊनं उभी आहेत, आणि नगर रोडच्या ट्रॅफिकमधून शहराचा बंब येईपर्यंत निम्मं जळून जातं. म्हणून गोडाऊनवाल्यांनी मिळून स्वतःची गाडी करायची ठरवलंय. सव्वीस जानेवारीला नारळ.

त्यांची मुलगी तनुजा माझ्या कॉलेजात दोन वर्षं पुढे होती. आता हसू नका. कॉलेज तिच्यामुळे सोडलं नाही, पण ती गेल्यावर तिथे बसण्यासारखं काही उरलं नाही, हेही खरं. ती अग्निशमनाचा कोर्स करून आलीय. शेडवर येते ती गाडी बघायला, मला नाही, एवढं मला कळतं.

परवाच्या रविवारी बजरंगराव आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि चष्मा पुसत म्हणाले की कॉलेज अर्ध्यावर सोडलंत, गाडीचं तसं करू नका म्हणजे झालं. तनुजा शेजारीच उभी. मी म्हणालो, सव्वीस कशाला, पंधराला तयार देतो. हमीदचाचा लेकीच्या, अलिझाच्या, बाळंतपणासाठी सोलापूरला गेलेत, शेड माझ्यावर सोपवून. सोमवारी टाकीच्या आत बसवायचे आडवे पत्रे चुकीच्या मापाचे आले. परत पाठवले, नवीन यायला दहा दिवस म्हणे. तरी मंगळवारी टाकी बंद केली आणि बुधवारी लाल रंग मारला. बोललो ते करून दाखवलं की नाही?

मामींना नमस्कार. माझ्यावर लोभ ठेवा, आईच्या पत्रावर नको.

आपला,
इंद्रजीत

कोरेगाव, जि. सातारा
१२ जानेवारी २०२६

चि. इंद्रजीत यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मामीने विचारलं, काय एवढं वाचताय, पोरीबद्दल काही आहे का. म्हटलं आहे, पण मी तारखा वाचतोय. सोमवारी पत्रे परत गेले, दहा दिवसांनी येणार, आणि मंगळवारी टाकी बंद. मग आत काय बसवलंस, बाळा?

ते पत्रे शोभेला नसतात. टाकी काठोकाठ भरलेली असली तर पाणी गप्प बसतं. अर्धी झाली की हिंदकळतं. वळणावर गाडी वळते, पाणी सरळ जातं आणि गाडीला सोबत नेतं. चौऱ्याण्णव साली आमच्या तुकडीची पाण्याची गाडी अशीच दरीत गेली. माझा जोडीदार चालवत होता. त्याच्या घरी सामान पोचवायला मी गेलो होतो. ते घर मी अजून विसरलो नाही.

आमच्या वर्कशॉपात एक रीत होती. ज्याने गाडीचं काम पुरं केलं, त्यानेच पहिल्या फेरीला ड्रायव्हरच्या डावीकडे बसायचं. मेकॅनिक बसायला कचरला की गाडी पुन्हा खोलायची. कुणी काही विचारायचं नाही. तू बसशील का, एवढंच कळव.

मामीने तिळगूळ पाठवलाय. मुंग्या लागायच्या आत खा. आशीर्वाद आहेतच.

तुझा मामा,
संभाजी

येरवडा, पुणे
१६ जानेवारी २०२६

ती. मामांस,
सा. न.

तुम्हीसुद्धा. मला वाटलं होतं, निदान एक माणूस मला अर्धवट समजत नाही. हो, आत पत्रे नाहीत. एकही नाही. पण टाकी कायम भरलेलीच ठेवायची असते, आणि आग लागली की एका जागी उभं राहून सगळं पाणी मारायचं असतं. अर्धी टाकी घेऊन फिरतंय कोण? नवीन पत्रे आले की सर्व्हिसिंगच्या नावाखाली गाडी आणून गुपचूप बसवणार आहे. काल गाडी वाघोलीला पोचवली. बजरंगराव म्हणाले, वेळेआधी दिलीत, आश्चर्य आहे. त्यांच्या तोंडून हे कौतुकच समजायचं. आता मी जाऊन त्यांना सांगू की आत पोकळ आहे?

१७ तारीख. हे पत्र काल पेटीत टाकलं नाही. आज कळलं की गाडीवर पगारी ड्रायव्हर ठेवणारच नाहीत. तनुजाकडे जड वाहनाचं लायसन्स आहे. गाडी तीच चालवणार.

मामा, दुपारपासून जेवण जात नाही. तीनदा फोन हातात घेतला. काय सांगू तिला? पत्रे यायची वाट बघितली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. दोन शब्द मनाला लागले आणि मी टाकी बंद केली, असं सांगू? परत कधी माझ्याकडे बघणार नाही ती. लवकर लिहा. वरचं जे रागाने लिहिलंय ते वाचू नका.

तुमचाच,
इंद्रजीत

कोरेगाव
२० जानेवारी २०२६

चि. इंद्रजीत यास,
आशीर्वाद.

वरचं वाचलं. खालचंही वाचलं.

परवापर्यंत गाडीवर कुणी पगारी ड्रायव्हर बसणार होता, तेव्हा तुला जेवण जात होतं. माझा जोडीदारही पगारीच होता. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पत्र मिळेल त्या मिनिटाला जा आणि सांग. ती बघेल, न बघेल. गाडी उभी राहिली पाहिजे.

मामा

येरवडा, पुणे
२४ जानेवारी २०२६

तीर्थरूप मामांस,
इंद्रजीतचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल आलं. आग परवा लागली.

सकाळी अकराला खाणीकडे धूर दिसला. मी वाघोलीतच होतो. दोन दिवस तेच करत होतो, तिच्या गेटपर्यंत जायचं आणि परत फिरायचं. तनुजाने गाडी बाहेर काढली आणि मी पुढे आडवा उभा राहिलो. ती ओरडली, हो बाजूला. तेव्हा सांगितलं. तिच्यासमोर, बजरंगरावांसमोर, गेटवर जमलेल्या सगळ्यांसमोर. टाकीत पत्रे नाहीत, मी न बसवता बंद केली.

ती रडली नाही, चिडली नाही. तिने एकच विचारलं, काठोकाठ भरली तर जाते ना? म्हटलं, जाते, पण चार बोटं कमी आहे. मग भर, म्हणाली. भरली. मी डावीकडचं दार उघडून चढलो. तिने विचारलं, तू कशाला? मी तुमची रीत सांगितली. तिने गिअर टाकला.

पुढचं गोडाऊन आम्ही वाचवलं. पंप तुमच्या बंदुकीसारखा चालला. पण तेवढ्यात मागच्या बाजूला नसीमबानूंच्या गाद्यांच्या शेडने पेट घेतला. तिथे जायचा रस्ता खाणीच्या कडेने उतरतो, एका बाजूला कलता, आणि खाली वळण. पाइप तिथवर पोचत नव्हता. टाकी तोवर अर्धी झाली होती, आणि पुन्हा भरायला तासभर लागला असता. तनुजा खाली उतरली, उतारावर दहा पावलं चालत गेली, परत आली आणि इंजिन बंद केलं. पत्रे असते तर मी गेले असते, एवढं म्हणाली.

शहराचा बंब चाळीस मिनिटांनी आला. तोवर आम्ही अर्धी टाकी पाणी घेऊन उभे होतो आणि समोर शेड जळत होती. मामा, ही चाळीस मिनिटं मला कुणीही कॉलेजात शिकवली नसती. माणसं आधीच बाहेर काढलेली होती, कुणाला काही झालं नाही. पण सतरा वर्षांचा धंदा होता नसीमबानूंचा. त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच विचारलं, बेटा, पाणी शिल्लक होतं ना? मी हो म्हटलं. त्या अजून काही विचारतील म्हणून मी थांबलो. त्या निघून गेल्या.

संध्याकाळी हमीदचाचा सोलापूरहून आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. कटर हातात दिला आणि म्हणाले, ज्याने बंद केली त्याने उघडायची. कालपासून मी टाकीच्या आत बसून नवीन आलेले पत्रे जोडतोय. बजरंगरावांनी नारळ पुढे ढकलला. गाडी परत घ्या म्हणाले नाहीत, मला शेडमधून काढा असंही म्हणाले नाहीत. म्हणाले, या वेळी वेळेआधी देऊ नका.

नसीमबानूंची शेड उभी करायला मी कालपासून संध्याकाळी जातो. त्या चहा देत नाहीत. द्यायला हवा असं मलाही वाटत नाही.

तनुजा दोन दिवस बोलली नव्हती. आज दुपारी चाचांच्या शेडवर आली, टॉर्च घेऊन टाकीत उतरली, प्रत्येक जोड हाताने तपासला. निघताना माझ्याकडे न बघता म्हणाली की एक तारखेला, रविवारी, ट्रायल घेऊ, त्याच उतारावर. टाकी अर्धीच भरायची. आणि डावीकडे मी बसायचं.

तुम्ही याल का? येताना ओरडायचं ते ओरडा, पण लोभ कमी करू नका.

आपला,
इंद्रजीत