ह्यांची काठी पलंगाखाली

३ मार्च, सोमवार
बालकल्याण कार्यालयातून फोन. "गुरुवारी घर बघायला येतो." बस, एवढंच! म्हातारा-म्हातारीला नातवंडं कुठली झेपताहेत, असे कुणीतरी कान भरले असणार. लेक जाऊन अजून वर्षही नाही झालं. आता तिची ही दोघंही नेणार? नेऊन तर दाखवा म्हणावं!

५ मार्च, बुधवार
ठरलं. घरात म्हातारपण दिसता कामा नये. औषधं पिठाच्या डब्यामागे. माझा चष्मा, गुडघ्याचे पट्टे गादीखाली. ह्यांची काठी पलंगाखाली. हे कुरकुरले — "मग मी चालू कसा?" म्हटलं, चालूच नका! खुर्चीत रुबाबात बसा.

६ मार्च, गुरुवार
हसू की रडू!

बाई आल्या. तरुण, गोड बोलणाऱ्या. चष्म्याविना चहा केला, साखरेऐवजी मीठ पडलं. बिचारीने मुकाट्याने पिऊन टाकला. "थकायला होत नाही?" "छे! धाकट्याला कडेवर घेऊन तीन जिने चढते." धादांत खोटं. पहिल्याच जिन्यावर बसकण मारते मी.

बाई उठल्या. "छानच चाललंय तुमचं. मग मदतनीस दुसऱ्या आजी-आजोबांकडे पाठवते."

"मदतनीस? म्हणजे मुलांना न्यायला नाही आलात?"

"अहो आजी, मुलं तुमच्याकडेच राहणार! मी तुमच्या हाताखाली माणूस द्यायला आले होते."

तेवढ्यात हे ओरडले — "आधी माझी काठी काढ! कधीचं बाथरूमला जायचंय!" थोरलीने पलंगाखाली सूर मारला. मग मीच एकेक करून सगळं बाहेर काढलं — पट्टे, औषधं, चष्मा. बाई पोट धरधरून हसल्या. नंतर माझा हात हातात घेऊन बसल्या. म्हणाल्या, "सोमवारपासून येईल ती."

१० मार्च, सोमवार
मदतनीस आली. दणकट आहे, आवाजही तसाच. मुलांना शाळेतून आणणं, आंघोळी, अभ्यास — सगळं तिच्याकडे. धाकटा लगेच बिलगला तिला. लबाड! जरा झोंबलंच मला. पण दुपारी पाठ टेकली ती टेकलीच.

११ मार्च
आजही झोपले. चैन आहे बाई!

१४ मार्च, शुक्रवार
मुलं तिच्याबरोबर बागेत. हे झोपलेत. करायला काहीच नाही. लेकीच्या फोटोसमोर बसले आणि रडले. ती गेल्यापासून पहिल्यांदा. मोठ्याने, पोटभर.