सहाव्या जागेची विहीर

अण्णा, आज पहाटे साडेपाचला तुमची नात तुमच्या सहाव्या जागेवर मासे धरायला गेली, आणि तिथली विहीर तिला सांगायची मी विसरले.

आता सव्वादहा वाजलेत. फोन लागत नाही. ती बाई दर वेळी त्याच शांत आवाजात सांगते की आपण संपर्क करत असलेली व्यक्ती क्षेत्राच्या बाहेर आहे. विहीर मला नऊ वाजता आठवली. मी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. कुंडी भरून पाणी पायांवर आलं, फरशी गार झाली, आणि त्या गारव्यासरशी माझा अकरा वर्षांचा पाय आठवला, ज्याच्याखाली जमीन नव्हती. हातातला तांब्या मी तिथंच टाकला. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर शिकवायच्या की पत्रात आधी समोरच्याची खुशाली विचारावी. तुमची खुशाली काय विचारू? हात थरथरतोय म्हणून लिहितेय. लिहिताना तो एका जागी राहतो.

एक गाडी सांगितली आहे. खालच्या गल्लीतले भाईजान, त्यांची व्हॅन आहे. ते चिकलठाण्याला विमानतळावर कुणाला तरी सोडायला गेलेत, साडेअकरापर्यंत येतो म्हणाले. "अम्मा, जाना किधर है? गाँव का नाम तो बोलो." मी म्हटलं, खुलताबादच्या पुढे, मी रस्ता दाखवते. तुमच्या जागेचं नाव मी इथंही लिहीत नाही, अण्णा. तुम्ही कधी लिहिलं नाहीत. लिहिलं की ते कुणाचंही होतं, असं म्हणायचात.

मंगळवारी संध्याकाळी हे सगळं सुरू झालं. ती पुण्याहून चार दिवसांसाठी आली आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती आठ वर्षांची होती. आता पस्तिशीची आहे, आणि दोन वर्षांपासून तिला हा नाद लागलाय. तुमचा बांबू आणि ज्वारीच्या धाटाचा तरंग कुठं, आणि हिची छत्रीसारखी मिटणारी काठी कुठं. पण पाण्याकडे बघत बसण्याची तऱ्हा तीच. हनुवटी गुडघ्यावर, तोंड किंचित उघडं. हे गेल्यापासून आमच्यात जेवलीस का, झोपलीस का, एवढंच बोलणं उरलं होतं. मंगळवारी ती माझ्याजवळ येऊन बसली, मध्ये फोन ठेवला आणि म्हणाली, "आई, आबांच्या जागा सांग ना. सगळ्या. रेकॉर्ड करते, तुझा आवाज राहील." मला इतका आनंद झाला की मी सांगत सुटले. गिरिजेचा डोह, जिथं पाऊस सरल्यावर नदी कातळाखाली शिरते आणि सापासारखी लांब वाम मिळते. म्हैसमाळच्या उतारावरचं कुंड, जिथं मासे बोटाएवढेच असतात पण तुम्ही ते नुसते बघायला जायचात. लासूर स्टेशनच्या अलीकडचा, रुळांवरून दिसणारा बंधारा. गाडी गेली की मासे पाच मिनिटं गळाला तोंड लावत नाहीत, हेसुद्धा सांगितलं. मग सहावी जागा. डोंगराच्या कुशीतला तो तलाव. वैशाखात पाणी उतरलं की उगवतीच्या काठानं आत शिरायचं, गुडघाभर पाण्यातून डावीकडे चालायचं. पलीकडच्या काठावर एकटी चिंच आहे, तिच्या मागं डोंगराची खिंड. आपण चालतो तसतशी चिंच खिंडीकडे सरकते. ती बरोबर खिंडीत बसली की तिथं मरळ. हाताएवढी. इतकं सांगितलं आणि कुकरची शिट्टी झाली. मी उठून आत गेले. पुढचं मला काही आठवत नाही. आठवतं ते हेच की वरण पातळ झालं होतं आणि ती हसत होती.

चिंच खिंडीत बसली की थांबायचं, हे राहिलं. दोन पावलांवर विहीर आहे, हे राहिलं.

तुम्ही पाटबंधारे खात्यात मोजणीला होता. तलाव व्हायच्या आधी त्या शिवारातून साखळी घेऊन तुम्ही फिरला होता. बुडणाऱ्या प्रत्येक विहिरीवर तुमच्याच हातानं चुन्याची खूण झाली होती. या विहिरीच्या मालकानं जाताना काठाचे घडीव दगड काढून नेले, नव्या घराच्या जोत्याला. म्हणून तिचं तोंड जमिनीशी सपाट राहिलं. वर गुडघाभर गढूळ पाणी, खाली साठ फूट. उन्हाळ्यात सगळा तलाव तापतो तेव्हा मरळ त्या गार पोटात उतरून बसते आणि तुमचा गळ बरोबर तिच्या तोंडाशी जातो. तुमच्या सगळ्यांत चांगल्या जागेचं गुपित एवढंच होतं, की तिथं माणूस मरू शकतो.

मी हे एकदा पूर्वीही केलंय, म्हणून तर एवढी घाबरलेय. सहावीत होते. छावणीतल्या त्या शाळेत माझ्या बाकावर एका लष्करी अधिकाऱ्याची मुलगी बसायची. तिच्या वडिलांकडे विलायती चक्राची काठी होती, आणि ती सारखी तेच सांगायची. माझ्याकडे सांगण्यासारखं काय होतं? तेल लावून चापून घातलेल्या दोन वेण्या, आणि दर शुक्रवारी सिस्टरांच्या स्वयंपाकघरात तुम्ही पाठवलेल्या माशांची पिशवी देताना येणारी लाज. मग मी तिला तुमची सहावी जागा देऊन टाकली. चिंच, खिंड, मरळ. गोड गोड तेवढी. रविवारी तिचे वडील तिथं मासे धरायला गेले, आणि सोमवारी संध्याकाळी आपल्या दारात येऊन उभे राहिले, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. "अरे भाई, आपकी बिटिया ने तो हमें जलसमाधि ही दे दी थी!" असं म्हणून गडगडून हसले. त्यांना पोहता येत होतं. काठी मात्र विहिरीनं ठेवून घेतली. आई मागच्या अंगणात स्टोव्हपाशी होती. तिच्या स्वयंपाकघरात मासा येत नसे, म्हणून तो अंगणात वेगळ्या तव्यावर व्हायचा. तिच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. तुम्ही हसला नाहीत. पेढाही घेतला नाहीत. मला वाटलं, आता मार.

पुढच्या रविवारी तुम्ही मला पहाटे उठवलंत. एस.टी.च्या टपावर सायकल चढवलीत, खुलताबादला उतरवलीत, मला पुढच्या दांडीवर बसवलंत. तलावावर पोचल्यावर पिशवीतून मोजणीचा दोर काढलात, एक टोक माझ्या कमरेला बांधलंत, दुसरं स्वतःच्या. फ्रॉक ओला होतोय, पायाखाली चिखल मऊ आहे, आणि समोर चिंच सरकतेय. ती खिंडीत बसते. तुम्ही मागून म्हणता, "थांब." मी थांबते. "आता दोन पावलं पुढं टाक."

"अण्णा, नको."

"दोर हाय ना. टाक."

पहिल्या पावलाला चिखल लागला. दुसऱ्याला काही लागलं नाही. पायाला वरचं पाणी कोमट लागलं, आणि अंगठ्याखाली एकदम बर्फासारखं गार. मी ओरडलेसुद्धा नाही, श्वासच नव्हता. तुम्ही दोर ओढलात, मला पोटाशी धरलंत, आणि माझ्या लक्षात आलं की तुमचं अंग माझ्यापेक्षा जास्त थरथरतंय.

काठावर माझे पाय धोतरानं पुसत तुम्ही म्हणालात, "जागा सांगितली म्हणून नाय बोलत मी तुला. सांग की. लोकाच्या पोटात मासा गेला तर आपलं काय जातंय? पण सांगायची तर समदी सांगायची. गोड तेवढं सांगितलं म्हंजी जागा नाय सांगितली, माणूस पाण्यात लोटला. ध्यानात राहील?"

"राहील."

"लई दिवस?"

"व्हय," मी म्हणाले. शाळेत असं बोललं तर सिस्टर हातावर पट्टी मारायच्या. तुम्ही हसलात, आणि ज्वारीच्या धाटाचा एक तरंग, लाल सूत गुंडाळलेला, माझ्या वेणीत खोचलात. तो अजून आहे, बिस्किटांच्या डब्यात, तुमच्या गळांबरोबर.

लई दिवस राहिलं, अण्णा. पन्नास वर्षं राहिलं. मंगळवारी कसं गेलं?

शेवटच्या वर्षी तुम्ही खाटेवर होता आणि रोज तेच सांगायचात. चिंच, खिंड, थांब, विहीर. मी ऑफिसातून यायची, पोळ्या टाकायच्या असायच्या, पोरीचा अभ्यास. एकदा मी कणकेच्या हातानंच दारात येऊन म्हणाले, "झालं की सांगून अण्णा, पाठ झालंय मला." तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. त्यानंतर तुम्ही ती जागा सांगितली नाहीत. कुठलीच नाही.

आत्ता कामाच्या मावशी येऊन गेल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. "कशाला घाबरता ताई, लई शानी हाय पोरगी," म्हणाल्या. मग ओट्याकडे बघून, "अन् ह्यो चहा कुणासाठी टाकला? मघाशीच घेतला ना आपण दोघींनी?" मी म्हटलं, असू द्या, घसा कोरडा पडलाय. जाताना त्यांनी गॅस बंद आहे ना ते दोनदा पाहिलं.

अकरा वाजले. मी देवापाशी उभी राहिले तर हात जोडताना ओठांवर शाळेतली इंग्रजी प्रार्थना आली. सकाळच्या हजेरीची. सगळी आली, एकही शब्द न चुकता. चाळीस मुलींचा आवाज, ओल्या व्हरांड्याचा वास, सिस्टरांच्या चपलांची सपसप, सगळं आलं. मी ती तीनदा म्हटली. मध्येच मला वाटलं की विहीर आता गाळानं भरली असेल. इतकी वर्षं झाली, दर पावसाळ्यात माती येते. नक्की भरली असेल. असं म्हणत मी खुर्चीचा काठ दोन्ही हातांनी धरून बसले होते.

तिचा फोन आला. अकरा वाजून वीस मिनिटांनी.

"आई, किती मिस्ड कॉल! काय झालं? मी आत्ता रस्त्यावर आले, इथं रेंज आहे."

मी म्हटलं, "तिथं विहीर आहे. अगं, तिथं विहीर आहे."

"हो, माहितीये."

"कुणी सांगितलं?"

"तू!" ती हसली. "मंगळवारी. कुकर बंद करून आलीस आणि सांगितलंस. मग जेवताना सांगितलंस. मग झोपायला गेल्यावर माझ्या दारात येऊन परत. मी म्हटलंसुद्धा, झालं की सांगून आई. दोराची गोष्ट पण सांगितलीस, आबांची. थांब, ऐकवते."

आणि तिनं ऐकवलं. वाऱ्याच्या आवाजात माझाच आवाज, जरा किरटा, घाईतला. समदी सांगायची, म्हणतो. दोर हाय ना, टाक, म्हणतो. अगदी तुमच्या हेलात. मी तो आवाज ऐकत होते आणि तो कधीचा आहे ते मला माहीत नव्हतं. एखादी बाई माझ्या घरात बसून माझ्या वडिलांविषयी बोलत होती.

"आई? आहेस ना?"

"आहे. भरलीय का ती? गाळानं?"

"नाही गं. चिंच खिंडीत बसली तशी थांबले. गुराख्याकडून लांब बांबू घेतला होता, तो पुढे घातला. अख्खा गेला. तळ लागलाच नाही." मग म्हणाली, "हात गार पडले माझे. पण मरळ मिळाली! हाताएवढी!"

"आणतेयस ना?"

"सोडून दिली. फोटो काढून."

सोडून दिली, अण्णा. तुमच्या विहिरीतली मरळ सोडून दिली! आई असती तर म्हणाली असती, हिच्या आबांनी आयुष्यात एक चप्पल हरवली पण मासा सोडला नाही. मी हसले, आणि हसताना रडूही आलं, आणि तिला वाटलं मी नुसती हसतेय. चारपर्यंत पोचते म्हणाली.

मग भाईजान आले. खालून हॉर्न दिला. मी गॅलरीतून सांगितलं की आता नाही जायचं, पोरगी सापडली. "शुक्र है अम्मा," ते म्हणाले, आणि मग मान वर करून, "कल भी ऐसाच बुलाए थे ना आप? दवाखाने को जाना बोलके? मैं आया तो बोले, मैंने कब बुलाया." मी म्हटलं, हो, माझा घोळ झाला. काल मी त्यांना बोलावलं होतं की नाही, हे मला माहीत नाही.

पोरगी सुखरूप आहे आणि माझे हात अजून तसेच आहेत. खाटेवर तुम्ही मला सांगत नव्हता, अण्णा, हो ना? तुम्ही स्वतःला सांगत होता. तपासून बघत होता, आहे का अजून सगळं. आणि मी कणकेच्या हातानं दारात उभी होते.

हे पत्र मी बिस्किटांच्या डब्यात ठेवणार आहे, लाल सुताच्या तरंगाखाली. तो डबा कुणी उघडत नाही. पण त्याआधी एक दुरुस्त केलं पाहिजे. समदी सांगायची, असं ठरलंय आपलं. वर मी लिहिलं की सहाव्या जागेचं नाव तुमच्यासाठी गुपित ठेवतेय. ते खरं नाही. भाईजाननी सकाळी विचारलं तेव्हापासून मी ते आठवून बघतेय, येत नाही. मघाशी पोरीला फोनवर सहज विचारता आलं असतं. विचारलं नाही.