काकूंच्या खुराड्यात काय शिरलं?

प्रिय धाकटे,

बाळाला आता दूध पचतंय हे आईकडून कळलं आणि जीव भांड्यात पडला. तुझ्याकडून परतल्यापासून तिचं त्याच्या नाकाचं कौतुक संपत नाही. मी मात्र हल्ली ऐकते एक नि बोलते भलतंच. काल चहात मीठ घातलं आणि अख्खा कप संपवूनही मला पत्ता नव्हता.

कोंबड्यांना मानमोडीची लस द्यायला मी शिकले ते तुला ठाऊकच आहे. बर्फ घातलेल्या थर्मासात बाटली, प्रत्येक कोंबडीच्या डोळ्यात एक थेंब, दर चार महिन्यांनी. दोन वर्षांत गावातलं एकही खुराडं त्या रोगाने रिकामं झालं नव्हतं. लोक मला थेंबवाली म्हणायचे आणि खरं सांगू, मला ते आवडायचं.

गेल्या पंधरवड्यातल्या मंगळवारी शेवटचं घर होतं शेजारच्या शिलाईवाल्या काकूंचं. त्यांच्याकडे बावीस तलंगा, नुकत्याच अंड्यावर आलेल्या, सगळ्यांना पहिलाच थेंब. काका वर्षभर अंथरुणाला खिळलेत, शिलाई कमी झालीय, त्यामुळे घराची सगळी भिस्त त्या अंड्यांवर. रविवारी सकाळी पाहतात तर माना वाकड्या, पंख लोंबलेले, हिरवी हगवण. बुधवारपर्यंत तीनच उरल्या. काकू भांडल्या नाहीत गं. मेलेली तलंग माझ्यापुढे ठेवून एवढंच म्हणाल्या, "थेंबात काय होतं, तेवढं सांग." पलीकडच्या वस्तीवर आता मला कुणी दारात उभं करत नाही.

मी उलटसुलट विचार करून थकले. बाटली गार होती ना? होती. की माझाच हात तापला होता म्हणून गार लागली? दारोदार हिंडताना माझ्या चपलांना लागून तर रोग आला नसेल? मग बाकीची घरं कशी वाचली? त्यांच्या कोंबड्यांना जुने थेंब लागू पडले होते म्हणून? गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "थेंबांनी कोंबडी मरत नाही. ते अंगी लागायला दोन आठवडे जातात, रोग आधीच शिरला असेल. नवी कोंबडी आणली होती का कुणी?" मी नाही म्हणाले. एवढं ठाम मी महिन्याभरात दुसरं काही बोलले नसेन.

ते खोटं होतं. त्या मंगळवारच्या आधीच्या शनिवारी आई तुझ्याकडून दोन कोंबड्या घेऊन आली. आमचं खुराडं मोडलं होतं म्हणून मीच त्या काकूंकडे ठेवल्या. सगळ्यांत आधी त्याच मेल्या. आई म्हणते, लेकीने हौसेने दिलेल्याला नावं ठेवू नकोस, तिला विचारूही नकोस. तरी विचारते: तुझ्याकडे त्या दिवसांत काही मरतूक झाली होती का? हो म्हणालीस तर काकूंचं घर तू-मी मिळून बुडवलं. नाही म्हणालीस तर थेंबांत किंवा माझ्या पायांत खोट. मला कोणतं उत्तर हवंय, तेच कळेनासं झालंय. पण जे असेल ते खरं लिही. काकूंना मला एकदाच सांगायचंय, आणि खरं तेच सांगायचंय. उत्तर येईपर्यंत तुझ्याकडची एकही कोंबडी कुणाला देऊ नकोस, विकू नकोस.

तुझीच, गोंधळलेली
ताई