भाता डावीकडे

स्तारी ब्रिद, ३ ऑक्टोबर १९४१

ती. पांक्रातदादास मोत्रियाचा सा. न. वि. वि.

गुरुवारी एक जर्मन अधिकारी आमच्या संग्रहालयातलं सोनं न्यायला येतोय. टेकडीत सापडलेला, त्या जुन्या सिथियन घोडेस्वारांचा सोन्याचा पेला मी लपवलाय; कुठं, ते तुलाही सांगणार नाही. कपाटात तू केलेली नक्कल ठेवलीये, तांब्यावर सोन्याचं पाणी दिलेली. ती हुबेहूब आहे ना? एवढंच कळव, फुशारकी नको. उत्तर युखिम गाडीवाल्याच्या हाती दे. वहिनीचा गुडघा कसा आहे?

माया आहे तशीच राहो.
मोत्रिया

वेर्बिव्का, ५ ऑक्टोबर

चि. मोत्रियास अनेक आशीर्वाद.

सख्ख्या भावापासून लपवतेस, बरं आहे. पेल्यावर धनुष्याला दोरी चढवणाऱ्या योद्ध्याच्या दाढीत एकोणीस बटा आहेत, माझ्या नकलेतही एकोणीसच. हवं तर मोजून घे. एक गोष्ट मात्र मी सुधारली. सोबत्याच्या जखमेला पट्टी बांधणाऱ्याचा बाणांचा भाता मूळ पेला घडवणाऱ्या त्या ग्रीक सोनारानं उजव्या कमरेला लटकवला होता. जन्मात घोड्यावर न बसलेला माणूस, तो काय जाणे! मी तो डावीकडे घेतला. नक्कल करून अकरा वर्षं झाली, तुमच्या एकाही पंडिताला कळलं नाही, तर त्या अधिकाऱ्याला काय कळणार? गुडघा कुरकुरतो, वहिनीही.

लोभ आटू देऊ नकोस.
पांक्रात

स्तारी ब्रिद, १० ऑक्टोबर

ती. दादास सा. न.

तुझं पत्र आज मिळालं. तो अधिकारी काल येऊन गेला. त्याच्याकडे पेल्याचा जुना फोटो होता. दाढीकडे त्यानं पाहिलंही नाही. भात्यावर बोट ठेवून म्हणाला, कारागीर हुशार आहे, पण आगाऊ. मी म्हटलं, माझ्या मेलेल्या नवऱ्यानं केलंय. त्याला ते पटलं नाही. सोमवारपर्यंत अस्सल पेला द्यायचा, नाहीतर कारागिराचं नाव. चौकात फाशीचा खांब उभा केलाय, खिडकीतून दिसतो. मी दोन्ही सांगणार नाही. तू गाव सोड.

रागावू नकोस, मीही रागावले नाही.
मोत्रिया

वेर्बिव्का, ११ ऑक्टोबर

चि. मोत्रियास आशीर्वाद.

गाव सोडत नाही. सोमवारी सकाळी तिकडे पोचतो. तोवर एवढंच म्हण, की पेला भावानं बदलला, मला काही ठाऊक नाही. जागा मला सांगितली नाहीस ते बरं केलंस. कितीही मारलं तरी माझ्या तोंडून काय निघणार? भाता डावीकडेच असतो, हेही त्याला सांगीन. वहिनीला तुझ्याकडे घेऊन जा.

तीस वर्षं छिन्नी चालवली, पण हे कुणाच्या हातचं, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. आता विचारतायत, तर नाव सांगायला नको?

तुझा दादा,
पांक्रात होलोबोरोद्को, सोनार